जाहिरात आहे, जागा आहे काय?

नोकरीची जाहिरात वाचताना आपण एक गोष्ट न विचारताच गृहीत धरतो. ज्या अर्थी जाहिरात निघाली, त्या अर्थी कोठेतरी एक खुर्ची रिकामी आहे आणि तीवर बसवण्यासाठी कोणीतरी माणूस शोधीत आहे, असे आपण समजतो. हे गृहीत पुष्कळदा खरे असते. परंतु 'पुष्कळदा' या शब्दाच्या बाहेर जो भाग उरतो, तो आता दुर्लक्ष करण्याइतका लहान राहिलेला नाही. इंग्रजी मुलखात अशा जाहिरातींना 'भुताच्या नोकऱ्या' असे नाव पडले आहे. आपल्याकडे तिला नाव नाही. वस्तू मात्र आहे, आणि ती जुनी आहे. या व्याख्यानापुरते मी तिला 'पोकळ जाहिरात' म्हणतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याचा घोटाळा फार होतो. नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणारा भामटा वेगळा आणि पोकळ जाहिरात देणारा वेगळा. भामट्याचे कार्यालयच नसते. त्याला तुमचे पैसे हवे असतात, आणि अनामत, प्रशिक्षण-शुल्क किंवा गणवेशाचे पैसे या नावाखाली तो ते मागतोच. खाजगी नोकरीसाठी उमेदवाराकडून आधी पैसे मागितले की तेथून उठावे. त्यावर अधिक विचार करण्याचे कारण नाही. पोकळ जाहिरात देणाऱ्याचे तसे नसते. त्याची कचेरी खरी, पाटी खरी, सहीशिक्के खरे. तो तुमच्याकडून एक पैसाही मागत नाही. त्याला माणूस नको आहे, एवढेच. म्हणूनच त्याला ओळखणे अवघड जाते, आणि पोलिसात जाण्यासारखेही काही नसते.

मग नुकसान ते काय, असे कोणी म्हणेल. समजा, तालुक्याच्या गावातील एक मुलगी एम. एस्सी. झाली आहे. दुसऱ्या जिल्ह्यातील महाविद्यालयाची जाहिरात ती वाचते, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढते, त्या साक्षांकित करून घेते, रात्रीच्या एस. टी.ने निघून सकाळी दहाला मुलाखतीच्या दाराशी उभी राहते. आत तिला सात मिनिटे बसवतात. दोन प्रश्न विचारतात. 'कळवू' म्हणतात. कळवीत कोणीच नाही. भाड्याचे आणि झेरॉक्सचे पैसे गेले ते गेलेच. परंतु खरे नुकसान पुढे होते. घरी परतल्यावर ती त्या मौनाचा अर्थ लावू लागते. आपले इंग्रजी कमी पडले काय, त्या दुसऱ्या प्रश्नाला आपण अडखळलो ते नडले काय, आपल्याला विषय येतच नाही की काय? जेथे कोणी परीक्षाच घेतली नाही तेथे ती स्वतःला नापास ठरवते. असे पाचसहा वेळा झाले म्हणजे खऱ्या जागेसाठीसुद्धा ती अर्ज करीनाशी होते. घरातल्या वडील मंडळींनाही वाटू लागते की मुलीतच काही उणे असावे. या विषयाकडे केवळ नोकरशोधाची युक्ती म्हणून पाहू नये, असे मला वाटते ते याचसाठी.

आता, रिकामी जागा म्हणजे नेमके काय? याची एक चांगली व्याख्या अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्याने केली आहे. ते खाते दरमहा देशातील रिकाम्या जागा मोजते, आणि मोजताना तीन गोष्टी पाहते. विशिष्ट पद अस्तित्वात आहे आणि त्यावर करण्यासारखे काम आहे. माणूस मिळाल्यास तीस दिवसांच्या आत तो रुजू होऊ शकतो. आणि मालक बाहेरचा माणूस मिळवण्यासाठी सध्या खरोखर हालचाल करीत आहे. या तिन्ही गोष्टी असतील तर ती जागा. यांपैकी एक जरी नसली तरी जाहिरात छापता येते. जागा मात्र राहत नाही. आपल्या हाती आलेल्या कोणत्याही जाहिरातीला ही तीन पट्टी लावून पाहावी. पुष्कळदा पहिल्या पट्टीलाच संशय येऊ लागतो.

पण असे करणे कायद्याला चालते तरी कसे? जाहिरात म्हणजे वचन नव्हे काय? याचे उत्तर १८७३ सालच्या एका इंग्रजी खटल्यात आहे, आणि तो खटला मोठा बोधक आहे. एका लिलाववाल्याने लंडनच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की अमुक दिवशी बरी सेंट एडमंड्स या गावी कार्यालयीन सामानसुमानाचा लिलाव होईल. हॅरिस नावाचा दलाल ते सामान घेण्यासाठी लंडनहून त्या गावी गेला. पाहतो तो फर्निचर लिलावातून काढून घेतलेले! त्याने प्रवासाच्या आणि वाया गेलेल्या वेळाच्या भरपाईसाठी दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. जाहिरात हे केवळ इराद्याचे निवेदन आहे. ती वाचून कोणी गाडीत बसला म्हणून करार होत नाही, असे न्यायमूर्तींचे म्हणणे. हा न्याय दुकानदाराच्या दृष्टीने शहाणपणाचाच आहे. परंतु नोकरीच्या जाहिरातीलाही तोच लागू पडतो, आणि आपली ती एस. टी.ने गेलेली मुलगी कायद्याच्या दृष्टीने हॅरिसच्याच बाकावर बसते.

सरकारी नोकरीत तरी वेगळे असेल, अशी आपली समजूत. तेथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ साली शंकरसन दास यांच्या खटल्यात निर्णय दिला. भरतीची अधिसूचना ही अर्ज करण्याचे निमंत्रण आहे. निवडयादीत नाव आले आणि जागा रिकामी असली, तरीही नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाही. मात्र जागा न भरण्याला सबळ कारण हवे. शासनाला लहरीप्रमाणे वागता येणार नाही, अशी पुस्तीही न्यायालयाने जोडली आहे. खाजगी मालकावर एवढेसुद्धा बंधन नाही.

तेव्हा जाहिरात देणे स्वस्त आहे आणि मोडणे फुकट आहे. अशा स्थितीत विचारण्याजोगा प्रश्न एकच राहतो: ही जाहिरात लिहिली आहे ती कोणी वाचावी म्हणून? वरून ती उमेदवाराला उद्देशून असते. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होते, ते शोधले पाहिजे.

बऱ्याच ठिकाणी त्याच्या डोळ्यांसमोर नियम असतो. एखाद्या संस्थेत एक गृहस्थ तासिका तत्त्वावर चारपाच वर्षे शिकवीत आहेत. माणूस चांगला आहे, विद्यार्थ्यांना आवडतो. किंवा तसे नसेल, तो कोणाचा तरी भाचा असेल. काहीही असो, जागा त्याचीच हे ठरलेले आहे. पण नियम म्हणतो, जाहिरात द्या, अर्ज मागवा, मुलाखती घ्या. मग जाहिरात निघते. ती वाचून कोणी येऊ नये हीच देणाऱ्याची मनापासून इच्छा असते, आणि ती इच्छा जाहिरातीच्या अंगावर दिसते. ज्या वर्तमानपत्राचा त्या गावात एकही अंक येत नाही त्यात ती छापली जाते. शुक्रवारी प्रसिद्ध होते आणि सोमवारी मुलाखत असते. पात्रतेच्या रकान्यात असा काही बारकावा असतो, अमुक विषयात पदवी, तमुक यंत्रावर तीन वर्षांचा अनुभव, शिवाय अमक्या भाषेचे ज्ञान, की तो वाचताना शिंप्याकडे माप देऊन आलेला गृहस्थच डोळ्यांसमोर उभा राहावा. अर्ज फक्त टपालाने, आणि तोही विहित नमुन्यात. नमुना कार्यालयातच मिळेल.

याचा सर्वांत मोठा आणि कागदोपत्री नोंदलेला नमुना मात्र आपल्या गावचा नाही, अमेरिकेचा आहे. पण आपल्या घरांशी त्याचा संबंध आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. परदेशी माणसाला तेथे कायम राहण्याचा परवाना, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात, तो नोकरीच्या आधारे मिळवून द्यायचा तर बहुतेक प्रकरणांत मालकाला आधी सिद्ध करावे लागते की या कामासाठी लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही. २००५ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे सुशिक्षितांच्या नोकऱ्यांसाठी दोन रविवारच्या वर्तमानपत्रांत जाहिरात, राज्याच्या श्रमकार्यालयात तीस दिवस नोंद आणि दहा मार्गांपैकी आणखी तीन मार्ग, एवढे करावे लागते. कंपनीची स्वतःची वेबसाइट हा त्या दहांतला केवळ एक पर्याय आहे. तो टाळला तरी चालतो. आता गंमत पाहा. ज्याच्यासाठी हे चालले आहे तो परदेशी इंजिनियर बहुधा त्याच खुर्चीवर तात्पुरत्या परवान्यावर आधीपासून काम करीत बसलेला असतो. जाहिरातीला लायक माणूस सापडला तर मालकाने त्याला नेमलेच पाहिजे असेही नाही. फक्त आधीच्या इंजिनियरचा अर्ज तेथे अडतो. म्हणजे जाहिरात सफळ होणे हेच मालकाचे अपयश!

याचे फळ काय होते ते फेसबुक कंपनीच्या प्रकरणात उघड झाले. अमेरिकेच्या न्यायखात्याने डिसेंबर २०२० मध्ये तिच्यावर फिर्याद केली. जानेवारी २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात २,६०० हून अधिक जागा तिने अशा रीतीने आधीच राखून ठेवल्या, असा आरोप होता. या जागा कंपनीच्या वेबसाइटवर नव्हत्या आणि अर्ज टपालाने मागवले होते. हे जगातल्या निम्म्या माणसांना परस्परांशी जोडू पाहणाऱ्या कंपनीने! न्यायखात्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा १०० पैकी ९९ हून अधिक जागांना एक अर्ज आला किंवा एकही आला नाही. त्याच सुमारास तशाच ज्या जागा वेबसाइटवर झळकल्या, त्यांना प्रत्येकी शंभर किंवा अधिक अर्ज आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने दंड व भरपाई मिळून १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. आपण नियमाप्रमाणेच वागलो, हे म्हणणे मात्र तिने सोडले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅपल कंपनीने याच जातीच्या आरोपांवर २ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची तडजोड केली. तेथेही वेबसाइट टाळणे आणि टपालाने अर्ज मागवणे हेच मुद्दे होते.

ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतील मुले त्या रांगेत आहेत. त्यांना येथे दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी काम केले आहे, कर भरला आहे, मुलांच्या शाळा तेथे आहेत. पण ती रविवारची जाहिरात वाचून ज्या अमेरिकन बेकाराने पाकिटावर तिकीट चिकटवले, त्याचीही स्थिती आपल्या एम. एस्सी. मुलीहून वेगळी नव्हती. दोष असेल तर तो अशा रचनेचा आहे, की जेथे शोध संपलेला असतो तेथे शोधाचा देखावा मागितला जातो. आपल्या संस्थेतला तो तासिकावाला आणि कॅलिफोर्नियातील इंजिनियर यांच्यामागे एकच यंत्र चालू आहे.

दुसऱ्या जातीची पोकळ जाहिरात नियमासाठी नसते, धंद्यासाठी असते. तिचे लक्षण अगदी उलट आहे, आणि लोक फसतात ते बहुतेक येथेच. नियमासाठी दिलेल्या जाहिरातीचे दार अरुंद असते. धंद्यासाठी दिलेल्या जाहिरातीचे दार इतके रुंद असते की त्यातून हत्तीही जावा. 'पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद, अनुभव दोन ते बारा वर्षे, अनेक जागा, तत्काळ.' दोन वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांचा अनुभवी गृहस्थ एकाच खुर्चीवर कसे बसतील, याचा विचार करावा. येथे खुर्ची नाही, टोपली आहे. मनुष्यबळ पुरवणारी एखादी एजन्सी कोण्या कंपनीचे कंत्राट मिळवू पाहत असते. आमच्याजवळ इतकी माणसे तयार आहेत, हे दाखवण्यासाठी तिला बायोडाटांची चळत हवी असते. कंत्राट मिळाले तर जागा निर्माण होईल. न मिळाले तर तुमचा बायोडाटा टोपलीत राहील. काही कंपन्या हीच टोपली स्वतःसाठी भरून ठेवतात: उद्या कोणी सोडून गेले तर शोधाशोध नको.

याहून सूक्ष्म हेतूही असतात. वाढत असलेली कंपनी माणसे घेत असते. तेव्हा माणसे घेत आहोत असे दाखवले की आपण वाढत आहोत असे भांडवल देणाऱ्यांना वाटते. आत काम करणारे लोक कामाच्या ओझ्याने कुरकुरत असतील, तर 'माणूस शोधतोच आहोत' म्हणून जाहिरातीकडे बोट दाखवता येते. त्याच जाहिरातीचा उलटाही उपयोग होतो: तुमच्या जागी येण्यास किती जण टपले आहेत ते पाहा! बाजारात या कामाला काय पगार चालला आहे हे जाणून घेण्यासाठीही 'अपेक्षित वेतन' हा रकाना फार उपयोगी पडतो. आणि कित्येकदा कोणताच हेतू नसतो. जागा भरली गेली, पण जाहिरात काढायची कोणी, हे ठरलेले नसते. ती बिचारी दुकान बंद झाल्यावरही लटकत राहिलेल्या पाटीसारखी लटकत राहते. छापील वर्तमानपत्राच्या काळात हे होत नसे. जाहिरातीला ओळीमागे पैसे पडत आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदात भजी बांधली जात. आज जाहिरात ठेवायला जवळजवळ खर्च नाही आणि तिला मरणही नाही.

तेव्हा धंदेवाल्या जाहिरातीची परीक्षा काळाने करावी. तीच जाहिरात, तोच मजकूर, तीच शुद्धलेखनाची चूक, आणि तारीख मात्र दर दहा दिवसांनी ताजी, असे दिसले की सावध व्हावे. ते एकच वाक्य शोधपेटीत घालून पाहिले तर मागच्या वर्षीची तिची भावंडेही सापडतात. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ती जागा आहे काय, हे पाहणे दोन मिनिटांचे काम आहे. काम कोणाच्या हाताखाली, कोणत्या गावी, कोणत्या विभागात, आधीचा माणूस कोठे गेला, यांपैकी एकाही गोष्टीचा ठावठिकाणा जाहिरातीत नाही. आणि गुणवर्णन मात्र लग्नाच्या स्थळासारखे, 'उत्साही, कष्टाळू, मनमिळाऊ', असे असेल तर तेथे अर्धा दिवस घालवू नये. ज्याला खरोखर माणूस हवा असतो तो कामाचे वर्णन करतो, कारण चुकीची माणसे आली तर त्याचाच वेळ जातो. साध्या भुसार दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेले 'वजनकाट्यावर मुलगा पाहिजे, सकाळी आठ ते रात्री आठ' हे या कसोटीला मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा अधिक उतरते.

येथे थोडे सबुरीनेही घेतले पाहिजे. उशीर म्हणजे पोकळपणा नव्हे. रेल्वेने मार्च २०१९ मध्ये १,०३,७६९ जागांची जाहिरात काढली. एक कोटीहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि परीक्षा सुरू झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. मध्ये करोनाची साथ होती हे खरे. पण साडेतीन वर्षांत कितीकांची वयोमर्यादा उलटून गेली असेल! तरीही त्या जागा खऱ्या होत्या. ज्या उमेदवाराने 'हे सगळे नाटक आहे' म्हणून अभ्यास सोडला, तो फसला. तसेच खाजगी कंपनीत जागा खरी असते, आणि मुलाखती चालू असताना वरून खर्चकपातीचा हुकूम येतो. त्याला लबाडी म्हणता येणार नाही. संशय हे मीठ आहे. पोटभर खाण्याची वस्तू नव्हे.

कायद्याने यावर काही करता येईल काय? आपल्याकडे १९५९ साली रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला सक्तीने कळवण्याचा कायदा झाला. सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांना तो लागू होता. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. परंतु कळवलेली जागा त्या कार्यालयामार्फत भरलीच पाहिजे असे बंधन नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेले होते. अर्थात कळवण्याचा कागद फाइलीला लागे आणि नेमणूक आपल्या वाटेने होई. ज्यांनी कार्ड काढून त्याचे वर्षानुवर्षे नूतनीकरण केले, त्या पिढीला याचा अनुभव सांगायला नको. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. हा कायदा रिकामी जागा लपवू नये म्हणून होता. नसलेली जागा दाखवू नये, हा विचार तेव्हा कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

तो विचार कॅनडातील आँटेरिओ प्रांताने केला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तेथे पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने जाहीर जाहिरातीत सांगितले पाहिजे की ही जागा आज प्रत्यक्ष रिकामी आहे की नाही. शिवाय ज्याची मुलाखत घेतली त्याला निर्णय झाला की नाही, हे पंचेचाळीस दिवसांच्या आत कळवले पाहिजे. बायोडाटा गोळा करण्यास तेथे मनाई नाही. टोपलीला टोपली म्हणा, एवढीच अपेक्षा आहे. मला तर दुसरे कलम अधिक मोलाचे वाटते. 'कळवू' या शब्दाला त्याने तारीख जोडली.

आपल्या जाहिरातीत ते वाक्य नसते, म्हणून ते उमेदवाराने विचारावे. अर्ज करण्यापूर्वी, निदान एस. टी.चे तिकीट काढण्यापूर्वी, फोन करावा आणि नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्या: जागा नवी निर्माण झाली की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली, निवड झालेल्याने कोणत्या तारखेला रुजू व्हायचे, आणि सध्या ते काम कोण पाहत आहे. खरी जागा असली की पलीकडचा माणूस लगेच बोलतो. 'अहो, देशपांडेबाई मार्चअखेर निवृत्त होताहेत, एप्रिलपासून माणूस हवा' असे काहीतरी तपशिलाचे उत्तर येते. जागा पोकळ असली तर 'प्रक्रिया चालू आहे', 'वरून येईल तसे' असे म्हणतात. आणि तिसऱ्या प्रश्नाला थोडे थांबून 'आहेत आमच्याकडे एक सर, तात्पुरते' असे उत्तर आले, तर ते तात्पुरते सर किती वर्षांपासून आहेत, एवढे तेवढ्यात विचारून घ्यावे.